परखड या नावानं

"ते सगळं ठीक आहे बाई, पण ह्याचा मालक कोण?"

कोष्टीकाकांनी हा प्रश्न त्या सकाळी तिसऱ्यांदा विचारला. ते पोस्टातून निवृत्त झालेले. ज्या गोष्टीला साहेब नाही आणि शिक्का नाही ती गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरायलाच तयार नव्हती. आणि मी त्यांना समजावत होते 'मोकळीक', जिला साहेबही नव्हता आणि शिक्काही नव्हता.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. आष्ट्याच्या वाचनालयाचा वरचा हॉल, रविवार सकाळ, समोर दहाबारा माणसं. मी हायस्कुलात मराठी शिकवत होते आणि रविवारी हा वर्ग घेत होते. मोकळीक ही इंटरनेटवरची लिहिण्या-वाचण्याची जागा. कुणीही यावं, एखादं नाव घ्यावं, लिहावं. वाचणाऱ्याला आवडलं तर तो 'शाबासकी' देणार. नव्या माणसांना हे शिकवायला काही स्वयंसेवक होते, त्यांना 'मदतनीस' म्हणत. आमच्या भागात मी एकटीच मदतनीस होते आणि त्याचा मला चांगलाच तोरा होता.

फळ्यावर मी चौदा गोल काढले होते. प्रत्येक गोलापासून दुसऱ्या गोलाकडं रेघा. वर 'विकेंद्रित रचना' असं लिहून खाली दोनदा अधोरेखित केलं होतं.

"मालक नाही, काका. हे सगळं कुठल्या एका कंपनीच्या कॉम्प्युटरवर ठेवलेलं नाही. जो जो सामील होतो त्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवर याची प्रत राहते. एक बंद पडला तरी बाकीचे चालू. म्हणून तर इथं लिहिलेलं कुणी पुसू शकत नाही. लिहिणारासुद्धा नाही."

"मग सांभाळतंय कोण?"

"सगळेच सांभाळतात."

"सगळे म्हंजे कोणच न्हाय," काका म्हणाले, आणि मागं दोघंतिघं हसले.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला, "काका, पैरा न्हाय का आपल्यात? आज माझ्या रानात तुमची बैलं, उद्या तुमच्या रानात माझी. रान ज्येचं त्येचं, बैलं ज्येची त्येची, आणि नांगरट सगळ्यांची हुती. पैऱ्याला कधी मालक असतोय व्हय? तसंच हाय हे."

"हात्तिच्या! पैरा होय!" काका म्हणाले. त्यांनी वहीत मोठ्या अक्षरात 'पैरा' असं लिहून घेतलं. मागं माना डोलल्या. पाऊण तास मी जे सांगत होते ते या बाईनं एका दमात सांगून टाकलं होतं.

"बरोबर आहे, शालनताई," मी म्हणाले आणि फळा पुसला. जरा जोरातच पुसला.

शालन मगदूम. स्टँडच्या मागं तिची पिठाची गिरण होती. नवरा शेती बघायचा, गिरण हिच्या ताब्यात. दहावी झालेली, चाळिशीची, कपाळावर आणि भुवयांवर कायम पिठाची साय. वर्गात ती सगळ्यांत आधी यायची, प्रोजेक्टर जोडून द्यायची आणि विजेच्या बोर्डाशेजारीच बसायची. "तीन फेजची मोटर संबाळतीय मी, ह्या वायरी म्हंजे पोरखेळ," म्हणायची. मला ती 'बाई' म्हणायची, आणि ते म्हणताना तिच्या आवाजात जो आदर असायचा तो मला माझ्या शाळेतल्या पोरांकडून कधी मिळाला नाही.

तिनं मोकळीकवर 'गिरणवाली' हे नाव घेतलं. दळण चालू असताना मोबाइलवर एका बोटानं टाइप करून तिनं पहिला लेख टाकला. गिरणीत काय दळायला येतं त्यावरून घरातलं कसं कळतं, एवढाच विषय. नाचणी यायला लागली की समजायचं, घरात कुणाला तरी साखर झाली. लेखाच्या शेवटी असं होतं: 'दर पंधरवड्याला पाच किलो जोंधळं आणणारी म्हातारी ह्या बुधवारी अडीच किलो घेऊन आली. मी काय विचारलं न्हाय. तिचं दळाण आधी घेतलं.'

आमच्या ह्यांनी ते वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

"वृंदा, ही बाई काय लिहिते गं!"

"हो. बरी लिहिते," मी म्हणाले.

"बरी काय? अडीच किलो! नवरा गेला हे न सांगता सांगितलं तिनं."

लग्नाला बावीस वर्षं झाली होती. माझ्या प्रत्येक लेखावर हे 'छान आहे' म्हणत आले होते, आणि आमटीलाही त्याच आवाजात 'छान आहे' म्हणत आले होते. माझ्यासाठी चष्मा कधी निघाला नव्हता. मोकळीकवर तोवर माझे एकशे चाळीस लेख झाले होते. 'ओवीचं बदलतं रूप' या लेखासाठी मी दोन महिने खपले होते, त्याला नऊ शाबासक्या मिळाल्या. त्यातली एक ह्यांची, एक कोष्टीकाकांची, आणि एक मीच दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलवरून दिलेली. शालनच्या पहिल्या लेखाला चारशे बारा.

मी जळले. दुसरा सभ्य शब्द शोधत बसत नाही. दुसऱ्या लेखाला मी जळले, तिसऱ्याला जळले. तिच्या लिखाणात 'हुतं', 'न्हाय' असलं पाहून मला आधी बरं वाटलं होतं, की चला, ही काय टिकणार. पण लोक तेच उचलून धरायला लागले. पुण्याच्या, नागपूरच्या, कुठल्या कुठल्या माणसांनी तिला लिहिलं. त्या पत्रांची उत्तरं कशी द्यायची हे विचारायला ती माझ्याकडंच यायची, आणि मी तिला ती शिकवायची. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात; माझं अंगण चांगलं सारवलेलं होतं आणि नाचत होती ती.

पाचवा लेख घेऊन ती मधल्या सुट्टीत शाळेत आली. केसांत पीठ, हातात मोबाइल.

"बाई, तुमी एकदा बघा. तुमी बघितल्याबिगर मी कुठलाच टाकला न्हाय."

तेही खरंच होतं. प्रत्येक लेख ती आधी मला दाखवायची. मी एखादा स्वल्पविराम सुचवायची, आणि ती त्यासाठी दोनदा आभार मानायची.

लेखाचं नाव होतं 'एका घरचे दोन डबे'. दिवाळीपर्यंत ज्या घरातून दळणाचा एकच डबा येत होता, तिथून आता दोन डबे यायला लागले, एक सासूचा आणि एक सुनेचा. दोघी वेगवेगळ्या दिवशी येतात. गहू मात्र एकाच पोत्यातला, गिरणवालीला तो हातात घेतल्यावर कळतो. आणि सासू जाता जाता हळूच सांगते, 'तिचं जाडं दळू नकोस गं. माझ्या नातवाला बारीक पिठाची सवय हाय.'

शेवटची ओळ मी परत एकदा वाचली. आणि त्याच वेळी तिसरी ओळ डोळ्यांत खुपत होती: 'तांबोळी गल्लीतल्या टोकाच्या घरात.' ते घर थोरातांचं. त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी. आष्ट्यातल्या कुणीही ही ओळ वाचली असती तरी घर ओळखलं असतं. 'एवढं गल्लीचं नाव काढा' इतकंच सांगायचं होतं. इतक्या छोट्या कामाला स्वल्पविरामाएवढाही वेळ लागला नसता.

"छान झालंय," मी म्हणाले. "टाका."

"खरंच? कुठं काय खटकलं न्हाय?"

"नाही."

दोन दिवसांत त्या लेखाला सहाशेवर शाबासक्या गेल्या. तिसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये माझा तास मोकळा होता. मी कॉम्प्युटर उघडला, मोकळीकवर 'परखड' नावाचं नवं खातं काढलं आणि शालनच्या लेखाखाली लिहिलं:

'माणसं विश्वासानं धान्य देतात. त्यांच्या घरातलं उणंदुणं गावापुढं मांडणं याला लेखन म्हणत नाहीत, चहाडी म्हणतात. गल्लीचं नाव छापून लेखिकेनं त्या घराला बाजारात उभं केलं आहे.'

लिहिताना हात एकदाही अडखळला नाही. एकशे चाळीस लेखांत अशी सलग, घट्ट वाक्यं मला जमली नव्हती. तासाची घंटा झाली तेव्हा मी खुशीत वर्गावर गेले.

चार दिवसांनी शालन घरी आली. संध्याकाळचे पाच वाजले होते, म्हणजे तिच्या गिरणीवर गर्दीची वेळ. गिरण बंद ठेवून आली होती. मी तिला चहा दिला, तो तिनं तसाच ठेवला.

"बाई, ह्यो परखड कोण असंल वो?"

"कोण जाणे. इथं कुणीही काहीही नाव घेतं."

"आष्ट्यातलाच हाय पण. तांबोळी गल्ली म्हटल्यावर घर कुठलं, हे भायेरच्याला काय कळणार?"

मी बशीतला चहा फुंकत बसले.

"त्येनं लिवलं आणि मग सगळ्यांनी तेच धरलं," ती म्हणाली. "आपल्या वर्गातल्या कुणीतरी ते व्हॉट्सॲपवर फिरवलं. थोरातमावशीपातूर गेलं. काल मी माफी मागायला गेलते. मावशीनं दार उघडलं, मी दिसल्यावर लावून घेतलं. बाई, तिनं मला लहानपणी न्हाऊ घातलंय." तिनं पदरानं नाक पुसलं. "माझा लेख पुसायचा हाय मला."

"पुसता येत नाही, शालनताई."

"ठावं हाय. तुमीच शिकिवलंय. तरी विचारलं."

त्या वेळी मला माझीही ती तीन वाक्यं पुसावीशी वाटली. ती लिहिल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी तसा प्रयत्नही करून पाहिला होता. पण दर रविवारी मी अभिमानानं जे सांगत होते ते माझ्यासाठी निराळं कसं असणार?

"मग आता मी काय करू? परखडला उत्तर दिऊ का? का गप बसू? तुमी सांगशीला तसं करते."

टीकेला उत्तर कसं द्यायचं हे मी वर्गात शिकवायची. एक अख्खा दिवस थांबायचं. टीकेत खरं काय आहे तेवढं शोधायचं, ते मोकळेपणानं कबूल करायचं, बाकीचं सोडून द्यायचं, आणि पुन्हा लिहायला बसायचं. हे सगळं मला पाठ होतं. तिला ते सांगितलं असतं तर तिनं दोन ओळींत असं काही उत्तर दिलं असतं की तिला आणखी सहाशे शाबासक्या मिळाल्या असत्या. ते मला दिसत होतं.

"काही दिवस लिहूच नका," मी म्हणाले. आवाजात भरपूर माया आणली. "लोक विसरतील. तुमच्या गिरणीचा प्रश्न आहे, घरादाराचा प्रश्न आहे. लिखाण काय, पळून जात नाही."

"तुमी म्हणताय तर न्हाय लिवत," ती म्हणाली. मग गार झालेला चहा एका घोटात पिऊन गेली.

पुढचा रविवार. वर्गाचा विषय मी आधीच ठरवून बसले होते: 'टीका आली तर'. बदलला असता तर संशय आला असता, असं आपलं मला वाटलं. शालन येणार नाही असंही वाटलं होतं. ती आली, प्रोजेक्टर जोडला आणि बोर्डाशेजारी जाऊन बसली.

मी नियम सांगायला लागले. कोष्टीकाकांनी हात वर केला.

"बाई, हवेत नको. शालनच्या लेखाखालचंच दाखवा की भिंतीवर. त्याला उत्तर कसं द्यायचं ते आमच्यादेखत लिहून दाखवा. पोरगी हिरमुसलीय."

"नको काका, त्यांना कसं वाटेल?"

"दाखवा बाई," शालन म्हणाली. "मलाबी शिकायचंच हाय."

मी लॅपटॉपवर लेख उघडला. भिंतीवर ती तीन वाक्यं आली. एकेक अक्षर वीतभर. मी छडी घेऊन ती वाचून दाखवली, शाळेत उताऱ्याचं स्पष्टीकरण करते तशी. "आता बघा, यातला शब्द कठोर आहे. पण मुद्दा? मुद्दा गल्लीच्या नावाचा. तो बरोबर आहे की नाही हे आधी स्वतःला विचारायचं." माझा आवाज छान लागला होता. "आणि मग इथं, खाली, 'उत्तर द्या' वर बोट ठेवायचं. असं."

मी बटण दाबलं. भिंतीवर पांढरी चौकट उघडली. चौकटीच्या आत फिकट अक्षरांत लिहिलेलं होतं:

'परखड' या नावानं उत्तर लिहा.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्या दिवशी सकाळी मी त्या नावानं आत शिरले होते, माझ्या तीन वाक्यांना किती शाबासक्या झाल्या ते मोजायला. एक्केचाळीस झाल्या होत्या. माझ्या कुठल्याच लेखाला तेवढ्या कधी मिळाल्या नव्हत्या, म्हणून दोनदा मोजल्या. मग बाहेर पडायचं विसरले.

मी वळले तर शालन भिंतीकडं बघत होती. बाकीचे वहीत 'खाली उत्तर द्या' असं उतरवून घेत होते. कोष्टीकाकांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि मान वर उचलायला सुरुवात केली.

खट्ट झालं. भिंत कोरी झाली. पंखे मंदावत थांबले.

"गेली वाटतं लाईट," काका म्हणाले.

"खाली झेरॉक्सच्या दुकानात तर हाय की," मागून कोणीतरी खिडकीतून वाकून बघत म्हणालं.

"मग हितलाच फ्यूज गेला असंल," शालन म्हणाली. तिचा हात बोर्डाच्या मोठ्या स्विचवर तसाच होता. "लई जुनं वायरिंग हाय. बाई, आजचं बास करूया का?"

मी लॅपटॉपचं झाकण खाली केलं. "हो," म्हणाले. "बास."

माणसं वह्या गुंडाळत, खुर्च्या सरकवत उतरली. काका जाताना म्हणाले, "पुढच्या रविवारी उत्तर पुरं करा हां बाई." मी मान हलवली. हॉल रिकामा झाल्यावर शालननं स्विच वर केला. पंखे पुन्हा फिरायला लागले. तिनं प्रोजेक्टरची वायर काढली, नेहमीसारखी कोपरापासून अंगठ्यापर्यंत गुंडाळली आणि खोक्यात ठेवली.

"शालनताई..."

"गिरण उघडायची हाय बाई. दळणं पडल्यात."

ती जिना उतरायला लागली. मी मागोमाग गेले. मधल्या वळणावर ती थांबली.

"मला सगळ्यांपुढं उघडं का नाही पाडलंत?" मी विचारलं. माफी मागायच्या आधी मला हेच विचारावंसं वाटलं.

"तुमाला बाई म्हणतो आमी," ती म्हणाली. "परखडनं लिवलंय ते खोटं न्हाय. गल्लीचं नाव नको हुतं. माझी चूकच हाय ती. पण लेख मी आधी तुमाला दाखिवलाता."

"हो."

"तवा तुमाला दिसलं हुतं?"

खोटं बोलता आलं असतं. मला वाटतं त्या महिन्याभरात मी खरं बोललेली ती एकच वेळ. "हो. दिसलं होतं."

रागाची एक रेघ तिच्या चेहऱ्यावर असती तर मला सोपं गेलं असतं.

"खडा निवडताना दिसला तर तवाच सांगावा, बाई," ती म्हणाली. "तुमी त्यो माझ्या दाताखाली यायची वाट बघितली."

आणि ती गेली. थोड्या वेळानं स्टँडच्या मागून गिरण सुरू झाल्याचा आवाज आला.

पुढच्या रविवारी ती आली नाही. मीही दोन महिन्यांत वर्ग बंद केला, दम्याचं निमित्त सांगून. थोरातमावशी पावसाळ्यानंतर पुन्हा तिच्याच गिरणीत जायला लागल्या, दोन्ही डबे घेऊन. ते मी येताजाता पाहिलं. शालननं मात्र मोकळीकवर पुन्हा एक ओळ लिहिली नाही. तिचे पाच लेख आहेत तेवढेच आहेत. लोक अजून विचारतात, गिरणवाली कुठं गेली? मला ठाऊक आहे, आणि मी त्यांना कधी उत्तर दिलेलं नाही.

त्या दिवशी मी जिन्यात बराच वेळ उभी होते. मला लाज वाटली, रडू आलं, हे सगळं झालं. पण ते नंतर. त्याच्या आधी, ती शेवटची पायरी उतरते न उतरते तोच, मी तिचं वाक्य ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हणून बघितलं होतं. एक शब्द इकडचा तिकडं करायला जागा नव्हती. मला वाटलं, हे हिलाच का सुचावं? मला का नाही?

घरी गेल्यावर ह्यांच्याशी बोलायच्या आधी मी ते वहीत उतरवून घेतलं. कधीतरी लिखाणात वापरता येईल म्हणून. नऊ वर्षं ठेवलं होतं. आज वापरलं.